दोघांची केबिन

पांढरकवड्यात नलूकाकूंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहा यायच्या आत फोन वाजला. काकूंनी पदराला हात पुसून तो उचलला, पलीकडचं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाल्या, "साहब नहाने गये हैं. आप का विश मैं बोल दूंगी. थँक्यू."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "यायचा वाढदिवस हाय आज. जहाजवाले दरवर्षी फोन करतेत. इसरत नाहीत."

'यायचा' म्हणजे भाऊसाहेबांचा, त्यांच्या नवऱ्याचा. भाऊसाहेब वारल्याची बातमी आदल्या हिवाळ्यात आमच्या दैनिकाला मीच पाठवली होती. कापसातून सरकी काढणाऱ्या आपल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात गाड्या मोजून घेताना ते खाली बसले, ते उठले नाहीत. अंत्ययात्रेला मी हजर होतो. बाजारपेठ दुपारपर्यंत बंद होती.

बसल्या जागेवरून मला न्हाणीघर दिसत होतं. दार उघडं होतं. आत कोरड्या फरशीवर बादली पालथी घातलेली होती.

मी त्यांच्याकडे गेलो होतो ते जिनिंग बंद पडल्याची बातमी करायला. कापसाच्या त्या वाईट वर्षांत तालुक्यातल्या जिनिंगला एकामागून एक कुलपं लागत होती. काकूंनी सगळी माहिती नीट दिली. कोणतं यंत्र कधीचं, कामगार किती होते, कापूस आता कुठे जातो, सगळं. मी निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"भाऊ, जिनिंगचं जे लिहाचं ते लिहा. फक्त यायच्या नावाआधी 'स्व.' नका लावू."

"का?"

"पेपर आता कम्प्युटरवर दिसते म्हनतात. कंपनीनं वाचलं त?"

जहाज कंपनीला भाऊसाहेब गेल्याचं कळता कामा नये, ही त्यांची खटपट मला त्या दिवशी कळली. पुढची काही वर्षं मी त्यांना पाहिलं ते त्या खटपटीतच.

काकूंचं माहेर महागावचं. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. बेताची उंची, सुती गोल पातळ, घट्ट बांधलेले केस आणि रस्त्यापर्यंत जाणारा आवाज. भाऊसाहेब त्यांच्या उलट. ते बाजारात बोटांच्या खुणांनी जास्त आणि तोंडाने कमी बोलत. जिनिंगची यंत्रं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांना एकदा सिंगापूरला नेऊन तिथून जहाजाची सफर घडवली. त्यात हे जोडपं होतं. तोवर काकूंनी पैनगंगेच्या पुराहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. जहाजावर विदर्भातले बहुतेक जीनमालक आडवे झाले. काकूंना काही झालं नाही. "बैलगाडीत वाढली मी," त्या म्हणत. "त्याच्यापुढं जहाज म्हंजे पाळना."

दुसऱ्या वर्षी ते दोघं आपल्या पैशाने गेले. मग दरवर्षी. हंगाम संपला, यंत्रांचे पट्टे उतरले की मे महिन्यात ते निघत. कंपनीची एक पद्धत होती. जहाजावर जितक्या रात्री काढाल तितकं तुमचं कार्ड वर चढतं. आधी निळं, मग चांदीचं, मग सोन्याचं, शेवटी हिऱ्याचं. कार्डाबरोबर मान वाढतो. चांदीला जहाजात चढताना वेगळी रांग आणि केबिनमध्ये फळांची टोपली. सोन्याला कपड्यांची धुलाई आणि इस्त्री फुकट, एकदा कप्तानाच्या टेबलावर जेवण आणि रोज संध्याकाळी वाइनचे दोन ग्लास. काकूंनी वाइनऐवजी ताक मागितलं. दोन दिवस गोंधळ झाला, तिसऱ्या दिवसापासून ताक आलं. पुढच्या वर्षी ते न मागता आलं. हा प्रसंग त्या सगळ्यांना सांगत, आणि सांगताना 'न मागता' या शब्दांवर थांबत.

त्यांना समुद्राचं फार कौतुक नव्हतं. जहाजाच्या दारात उभा असलेला गणवेशातला माणूस दोघांना नावाने हाक मारून 'परत आलात, आनंद वाटला' म्हणतो, याचं होतं.

"परत आल्यावर खूश होनारं दुसरं कोन हाय सांगा?" त्या मला म्हणाल्या. "माहेरी गेलं त पह्यले इचारतात, किती दिवस हायेस?"

ही पद्धत त्यांनी घरी आणली होती. पहिल्यांदा येणाऱ्याला स्टीलच्या पेल्यात चहा. येत राहिला तर कपबशी. त्याच्याही पुढे गेला तर चिवडा, मग शिरा. कोण कुठल्या पायरीवर आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. भाजीवालीला त्या विचारत, "तुयाकडं कवापासून येतो मी, अन् कोथिंबीर अजून मागाच लागते?" शेजारच्या मास्तरीणबाई एकदा माझ्यासमोर कुरकुरल्या, "भिंतीला भिंत लागून राह्यली, तरी मी अजून पेल्यातच हो काकू?"

"तुम्ही विरजनापुरत्या येता," काकू म्हणाल्या. "बसाले या. चढवतो."

भाऊसाहेब गेल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात घरातले सगळे धरून चालले होते की आता हे संपलं. काकू एकट्या हैदराबादला एजंटाकडे गेल्या आणि दोघांच्या नावाची तिकिटं घेऊन आल्या. असं का केलं, हे मी पुढे विचारलं.

"मी काही ठरवून गेलती का? त्या पोरानं बटन दाबलं अन् दोघायचे नावं संगंच वर आले. तो म्हने, नेहमीसारखे दोघंच ना? त्याले नाही काहून म्हनू?"

बंदरावर त्यांनी सांगितलं की साहेब आजारी आहेत, या खेपेला येत नाहीत. भाडं दोघांचं भरलेलं होतं, केबिन दोघांची होती. सफरीच्या सगळ्या रात्री भाऊसाहेबांच्याही कार्डावर जमा झाल्या. हे कंपनीच्या नियमात बसत होतं की कोणाच्या नजरचुकीने होत होतं, मला सांगता येणार नाही. केबिनमध्ये सगळं दोन-दोन होतं. दोन झगे, दोन सपातांचे जोड, दोन उशांवर दोन चॉकलेटं.

"आपल्या घरी तेरवीपर्यंत लोकायनं सगळं उचलून ठेवलं," काकू म्हणाल्या. "चष्मा बी. तिथं कोनी काही उचललं नाही."

कार्डाची एक अट होती. माणूस एखादं वर्ष जरी जहाजावर आला नाही तर कार्ड बंद होतं. म्हणून काकूंना प्रत्येक मे महिना साधावा लागत होता, दोघांच्या नावाने. त्यांचा मुलगा हेमंत नागपुरात औषधांची एजन्सी चालवायचा. त्याला आधी हे दुःख वाटलं, मग हट्ट वाटला, आणि नंतर तो घाबरला.

दुसऱ्या पुण्यस्मरणाला हेमंतने यवतमाळला आमच्या कार्यालयात जाहिरात दिली. फोटो, हार, खाली शोकाकुल परिवाराची नावं, नेहमीचीच. काकूंना कसं कळलं ठाऊक नाही. संध्याकाळच्या बसने त्या कार्यालयात आल्या. मी बैठकीसाठी तिथे होतो.

"हा फोटो छापाचा नाही," त्यांनी जाहिरात विभागातल्या माणसाला सांगितलं.

"काकू, जाहिरात तुमच्या मुलाने दिली आहे."

"पोरगा कोनाचा?"

"तुमचा."

"अन् नवरा कोनाचा?"

तो माणूस कसनुसं हसला. "अहो, पण त्यांना जाऊन दोन वर्षं झाली ना?"

"कुठी गेले?" काकूंनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. खरोखर पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं. तो माणूस माझ्याकडे पाहू लागला. मग त्याने हेमंतला फोन लावला, आणि पलीकडून हेमंत म्हणाला, राहू द्या.

पान छपाईला जाईपर्यंत काकू बाकावर बसून राहिल्या. समोर त्या दिवशीचा अंक होता. त्या वर्षांत एका पानावर जिल्ह्यात जीव दिलेल्या शेतकऱ्यांची नावं गावासकट येत. काकूंनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, नावांवरून बोट फिरवत.

"यायच्यातल्या एकाचंबी कार्ड नसन," त्या म्हणाल्या आणि अंकाची घडी केली.

फोटोच्या जागी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात गेली. ती तेव्हा कधीही मिळत असे.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला काकू सफरीहून परतल्या आणि त्यांनी मला बोलावणं पाठवलं. पलंगावर दोन शर्ट ठेवले होते. पांढरे, पूर्ण बाह्यांचे, कागदाच्या पट्टीत घडी केलेले. दोन्ही पट्ट्यांवर भाऊसाहेबांचं नाव आणि केबिनचा क्रमांक होता.

सोन्याच्या कार्डावर धुलाई फुकट असल्याने काकू भाऊसाहेबांचा एक शर्ट दरवर्षी सोबत नेत आणि धुवायला टाकत. तो संध्याकाळी त्यांच्या नावाने परत येई. या वेळी एक दिला होता आणि दोन आले होते.

मी म्हणालो, दुसऱ्या कोणाचा चुकून आला असेल.

"चला," काकू म्हणाल्या. दोन्ही शर्ट पिशवीत घालून त्या मला करीमचाचांच्या दुकानात घेऊन गेल्या. भाऊसाहेबांचे कपडे चाचा शिवत. दर दिवाळीला एका ताग्यातून दोन शर्ट, कधी तीन नाहीत. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून चाचा प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कॉलरच्या आतल्या बाजूला वेगळ्या रंगाचा एक टाका घालत. भाऊसाहेबांचा तांबडा होता.

चाचांनी चष्मा वर केला. पहिला शर्ट पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा उलटला, कॉलर वाकवली. तांबडा टाका होता.

"माह्याच हातचा हाय, भाभी. दोन्ही एकाच कपड्याचे. साहेबाची आखरी दिवाली."

"मंग?"

भाऊसाहेब आवारात कोसळले तेव्हा त्या जोडीतला एक शर्ट त्यांच्या अंगावर होता, आणि काकूंच्या आग्रहाने तो तसाच अंगावर राहिला होता. वरून नवं कापड पांघरलं होतं, पण कॉलर दिसत होती. चाचा खांदा द्यायला आले होते आणि शेवटपर्यंत थांबले होते. मीही होतो.

"वो तो साहब के साथ गया," चाचा म्हणाले. "मैंने देखा."

"हव. मीबी देखलं."

चाचांनी त्या दुसऱ्या शर्टाची कॉलर माझ्यापुढे धरली. काठावर ती घासली गेली होती, सूत फुटलं होतं. पहिल्या शर्टाची कॉलर कोरी होती. दुसरा बरीच वर्षं वापरलेला होता.

"वापरून राह्यले म्हंजे," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. दुकानात शिरतानाचा ताण गेला होता. त्यांनी शर्टाची सैल झालेली गुंडी चाचांना दाखवली आणि पक्की करून द्यायला सांगितली.

"रहने दो भाभी," चाचा म्हणाले. त्यांनी शर्ट त्यांच्या हातात दिला नाही, पाटावर ठेवून पुढे सरकवला. गुंडी काकूंनी घरी लावली.

चाचांचा हिशेब चुकला असेल, एखाद्या दिवाळीला तीन शर्ट शिवले असतील, आणि एक जहाजाच्या धुलाईत मागे राहिला असेल, असं मी धरून चाललो. चाचांना पुन्हा विचारायला गेलो, तर त्यांनी माप घेण्याचं काम काढलं आणि ते संपेना. मी हे कुठे लिहिलं नाही.

भाऊसाहेबांच्या पुढच्या वाढदिवसाला मी मुद्दाम गेलो. तोवर मला कपबशी मिळू लागली होती. फोन नेहमीच्या वेळी आला. काकूंनी पलीकडचं ऐकलं आणि म्हणाल्या, "साहब इधर नहीं हैं. उधर ही हैं ना, आप के जहाज पे. देख लो."

त्यांनी रिसीव्हर ठेवला नाही. तो कानाला लावून त्या उभ्या राहिल्या. "पाहाले गेली पोरगी," त्या मला हळूच म्हणाल्या.

रस्त्यावरून ट्रक गेला, घराची तावदानं थरथरली. काकू हलल्या नाहीत. मग पलीकडून काहीतरी बोलणं झालं. त्यांनी मान डोलावली, थँक्यू म्हणाल्या आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"काय म्हणाली?"

"हव म्हने."

त्यांनी चहा गाळला. त्या दिवशी चहाबरोबर चिवडा होता.

त्याच हिवाळ्यात जिनिंगची यंत्रं भंगारात गेली. आवाराचे प्लॉट पडले. दोघांचं भाडं भरण्याइतकं काही उरलं नाही हे काकूंना कळत होतं. त्या वर्षी भाऊसाहेबांच्या नावाने तिकीट निघालं नाही, तर पुढे ते निघणार नव्हतं. त्यांनी पाटल्या मोडायची गोष्ट काढली तेव्हा हेमंतने आईला न विचारता एक काम केलं. वडिलांच्या मृत्यूचा दाखला कंपनीला पाठवून दिला.

कंपनीने सांत्वन केलं आणि नियमाप्रमाणे भाऊसाहेबांच्या साऱ्या रात्री पत्नीच्या नावावर जमा केल्या. काकूंचं कार्ड हिऱ्याचं झालं. ते घेऊन हेमंत पांढरकवड्याला आला. येताना मला बरोबर घेतलं. "तुमचं ऐकते ती," तो म्हणाला. ते खरं नव्हतं.

काकूंनी कार्ड हातात घेऊन पाहिलं. "तू सांगतलं त्यायले?"

"कधीतरी सांगावंच लागणार होतं, आई. आता हिरा झाला तुझा. एक सफर अख्खी फुकट. भाड्याची काळजी नाही."

"यायचं कार्ड?"

"बंद झालं."

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांना खुर्चीवर बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. कार्ड त्यांनी मांडीवर उलटं ठेवलं. हेमंत त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने त्यांचे गुडघे धरले.

"आई, बाबा गेले. मी अग्नी दिला. तू माझ्यासमोर रडली होतीस."

"हव."

"मग?"

"मले कोठं नाही म्हनाचं हाय? अग्नी तू देला. शर्ट तिकडून आला. दोन्ही खरं."

हेमंतच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठून खिडकीशी गेला. तिथूनच, आईला कुठे तरी परत वळवावं म्हणून, तो म्हणाला, "या कार्डावर सोबत एक जण फुकट नेता येतो. मी येतो ना तुझ्यासोबत. मे महिन्यात एजन्सी बंद ठेवतो. बाबांनी पाहिलेलं सगळं दाखव मला."

काकूंनी मान वर केली. "सोबत एक जण?"

"हो."

"नाव सांगा लागते?"

"निघायच्या आधी. माझंच देतो."

"तुयं नको देऊ, बाबू." त्या उठल्या आणि पदर नीट केला. आवाज मऊ होता, लहान मुलाला समजवावं तसा. "जागा भरली."

हेमंत माझ्याकडे पाहू लागला. मी कपातल्या चहाकडे पाहत राहिलो.

सोबतीच्या जागेसाठी काकूंनी शेवटपर्यंत कोणाचंही नाव दिलं नाही, असं हेमंतने मला नंतर सांगितलं. सफरीहून त्या थेट त्याच्याकडे नागपूरला गेल्या आणि पांढरकवड्याला परतल्या नाहीत. घर विकलं गेलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. जहाजावर काही झालं का, असं मी हेमंतला एकदा विचारलं होतं. "नाही. मजेत होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "आता ती फोनची वाट पाहत नाही." आणि त्याने दुसरा विषय काढला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सफरीला निघाल्या त्या दिवशी, पांढरकवड्याच्या बसस्टँडवर. नागपूरहून हैदराबादला जाणारी गाडी उभी होती. भर मे महिना, सकाळीच ऊन तापलं होतं, आणि स्टँडच्या नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं. गाडी खच्चून भरली होती. काकू डाव्या बाजूच्या दोघांच्या सीटवर, मधल्या वाटेच्या अंगाला बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हात केला. कंडक्टर त्यांच्यापाशी तिकिटाचं यंत्र घेऊन उभा होता.

"दोन कायले, आजी? दुसरं कोन हाय?"

"फाड ना बाप्पा. बसले ते."

कंडक्टरने रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि दोन तिकिटं दिली. मागून गाठोडं घेतलेला एक म्हातारा गर्दीतून वाट काढत आला. "सरक ना माय, तिथं जागा हाय," तो म्हणाला. काकूंनी गुडघे बाजूला घेऊन त्याला वाट दिली.

म्हातारा वाकला आणि बसण्याआधी टेकू म्हणून त्याने खिडकीजवळच्या सीटवर हात ठेवला. लगेच उचलला. ओला तळवा डोळ्यांसमोर धरून पाहिला, धोतराला पुसला. मग गाठोडं काखेत घट्ट धरून मागे सरला आणि वरचा दांडा पकडून उभा राहिला. गाडी सुरू झाली. स्टँडच्या फाटकातून वळताना मला तो पुन्हा दिसला. तो तोच हात पुन्हा पुसत होता.